साबू टीव्हीत मावत नाही

कॉमिक्समधल्या चाचा चौधरींवर टीव्ही मालिका येणार असं ऐकलं तेव्हा आनंदाच्या आधी मला काळजीच लागली. साबूचं काय करणार हे लोक? बाकीचं सगळं जमून जाईल. लाल पगडी बांधता येते, पांढऱ्या मिशा चिकटवता येतात, काठी तर कुठल्याही घरात दाराआड उभी असतेच. पण गुरू ग्रहावरून आलेला पंधरा फुटी साबू, डोक्याचा चकोट, कानांत बाळ्या, उघडाबंब आणि पायांत गमबूट, असला गडी आमच्या एकवीस इंची टीव्हीत कसा शिरणार, हे काही केल्या डोक्यात बसेना.

ही 2002ची गोष्ट. सहारा टीव्ही तेव्हा नवानवाच होता. मी तिशी गाठलेली, नोकरी-संसारातली बाई, आणि मला चिंता पडली होती कॉमिक्समधल्या एका धिप्पाड पाहुण्याची. नवरा म्हणाला, "तू हे खरंच मनावर घेतेयस?" त्याचं बालपण पुण्यात चांदोबा वाचण्यात गेलेलं. त्याला कुठून सांगत बसायचं!

आम्हा ग्वाल्हेरकरांना तशीही सगळ्यांवर हक्क सांगायची खोड आहे. तानसेनापासून अटलजींपर्यंत सगळे आमचेच. पण चाचांना कागदावर उतरवणारे व्यंगचित्रकार प्राण यांच्यावरचा हक्क अगदीच ओढूनताणून आणलेला नाही. प्राणकुमार शर्मांचा जन्म 15 ऑगस्ट 1938चा, लाहोरजवळच्या कसूरचा. फाळणीनंतर घर इकडे आलं, मुलगा ग्वाल्हेरात वाढला, बी.ए.पर्यंत इथेच शिकला आणि मग दिल्लीला गेला. 1960मध्ये 'मिलाप' या वर्तमानपत्रात त्यांची 'डब्बू' ही चित्रमालिका सुरू झाली. त्या वेळी आपल्याकडच्या पेपरांत वेताळ आणि मँड्रेक यांचं राज्य होतं. सगळे परदेशी, सगळे तरणेबांड. त्या गर्दीत 1971 साली 'लोटपोट' या मुलांच्या हिंदी नियतकालिकात एक म्हातारा येऊन उभा राहिला. ना मुखवटा, ना घोडा, ना जादू. जाकिटाला आतून खिसे, हातात काठी, शेजारी दूध पिणारा शाकाहारी कुत्रा. नायक म्हणून कुणी आजोबा उभे करावेत, ही कल्पना सुचायलाच आधी मोहल्ल्यात राहिलेलं असावं लागतं.

ग्वाल्हेरातल्या आमच्या लष्कर भागात उन्हाळ्याच्या छुट्ट्या लागल्या की किराणा दुकानांच्या बाहेर दोऱ्या लागायच्या आणि त्यांवर कॉमिक्स वाळत घातल्यासारखी लटकायची. विकत घेणारे थोडे. बहुतेक सगळा कारभार किरायावर. दिवसाचे काही पैसे, आणि संध्याकाळच्या आत परत केलंत तर दुकानदाराची मर्जी असेल तेव्हा त्याच पैशांत दुसरं. आमच्याकडचा दुकानदार मोठा हिशेबी होता. नवं डायजेस्ट आलं की तो आधी त्याला जाड पुठ्ठ्याचं कव्हर घालायचा आणि मग दाभण घेऊन पाठीशी सुतळीने शिवून टाकायचा, म्हणजे पानं सुटायला नकोत. पानं सुटत नसत हे खरं, पण ती पूर्ण उघडतही नसत. शिवणीलगतच्या चौकटीतली अर्धी वाक्यं सुतळीच्या पोटात जायची. चाचाजी म्हणताहेत, "यह आदमी चोर नहीं, बल्कि—" आणि पुढे टाका. पान दोन्ही हातांनी ताणलं तर आणखी दोन अक्षरं मिळत. जास्त ताणलं तर फाटायचं आणि मग दुकानदार आमचं नाव लक्षात ठेवायचा. शेवटचं पान तर बऱ्याचदा नसेच. चोर कोण हे आम्ही आपसांत ठरवत असू, आणि माझा भाऊ दर वेळी मिशीवाल्यालाच पकडून द्यायचा. चाचांना सोडून, अर्थात.

हे सगळं मी आजीला वाचून दाखवायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि दुपारी ज्ञानेश्वरी वाचून झाली की तिला "ते तुमचं पागोटंवालं" लागायचं. मी सगळ्यांचे आवाज काढत असे. साबूचा आवाज घशातून, बिन्नी चाचीचा शेजारच्या भाभींसारखा आणि चाचांचा आवाज माझ्या आजोबांचा. आजोबा शिंदे सरकारच्या महसूल खात्यात कारकून होते, मग मध्य भारत आलं, मग मध्य प्रदेश आला, आणि राज्यं बदलत गेली तसं त्यांचं बोलणं कमी होत गेलं. दिवसाकाठी आठ-दहा वाक्यं. पण बोलले की विषय संपला. चाचा चौधरींचंही तसंच आहे. प्राणांची चित्रं नीट पाहिलीत तर कळतं, की या माणसाचा चेहरा जवळजवळ हलतच नाही. तोंड मिशीत झाकलेलं. आश्चर्य वाटलं, राग आला, चोर पकडला, पराठा खाल्ला, सगळ्याला तोच चेहरा. फार तर भुवया वर. बाकीचा अभिनय वाचणाऱ्याने करायचा असतो, आणि तो प्रत्येक जण आपापल्या घरातल्या म्हाताऱ्याला उभं करून करतो.

म्हणून मालिकेबद्दल माझं मत बनायला वेळ लागला. मी चाचा चौधरी पाहायला बसत होते आणि मला ऐकू येत होता एक परका आवाज.

खरं तर चाचांचं काम करणारे रघुवीर यादवही आमच्याच राज्याचे, जबलपूरकडचे. 'मुंगेरीलाल' या मालिकेमुळे ते घराघरांत माहीत होते. चाचा करताना ते पंचेचाळिशीचे होते, म्हणजे चाचांच्या मानाने पोरगेलेच. पण त्यांनी एक गोष्ट फार हुशारीने केली. मिशी लावली की नट मिशीच्या मागे लपतो किंवा मिशीच्या पुढे ओरडतो. यादवांनी दोन्ही केलं नाही. सगळं काम डोळ्यांवर आणि मानेवर घेतलं. समोरचा माणूस खोटं बोलतोय हे कळल्यावर ते लगेच काही बोलत नसत. मान किंचित तिरकी, नजर त्या माणसाच्या खांद्याच्या थोडी पलीकडे, जणू तिथे काही लिहिलंय आणि ते वाचताहेत. एवढ्या एका थांबण्यात मला प्राणांच्या दोन चौकटींमधली पांढरी पट्टी दिसायची. कॉमिक्समधली सगळी अक्कल त्या पट्टीत असते. वरच्या चौकटीत चाचा जमिनीवरचं पावलांचं चिन्ह पाहतात, खालच्या चौकटीत चोराची मानगूट साबूच्या हातात. मधलं सगळं कोरं. ते कोरं आपण भरतो, आणि भरता भरता आपल्यालाच वाटतं की आपणही हुशार आहोत.

मालिकेचं दुखणं नेमकं इथे होतं. तिला कोरी जागा सहन होत नव्हती. प्राणांची गोष्ट पाच-सात पानांत आटपते. त्या गोष्टीला अर्ध्या तासात ताणायचं, तर चोराला बायको हवी, बायकोला भाऊ हवा, भावाला तोतरेपणा हवा. चाचांना कशावरून संशय आला हे आधी दाखवायचं, मग ते साबूला सांगणार, मग साबू ते चाचीला सांगणार. त्यावर त्या काळच्या विनोदी मालिकांना लागलेली ती टुंई-टुंई. हसायचं कुठे, हेही सांगून ठेवलेलं. ज्या गोष्टीला आम्ही सुतळीच्या टाक्यांतून डोकं खुपसून वाचलं, ती कुणी तरी भरवायला लागलं की घास घशाशी येतो.

आणि साबू. साबूचं काम करणाऱ्याबद्दल मला काही तक्रार नाही. उंच माणूस निवडला, कॅमेरा खाली ठेवून वर पाहिला, जे करता येईल ते केलं. पण कितीही उंच घेतला तरी माणूस तो माणूसच. प्राणांचा साबू नुसता उंच नाही. तो चौकटीत मावत नाही. कित्येकदा त्याचं डोकं वरच्या रेषेला टेकलेलं असतं किंवा त्याचा हात एका बाजूने आत येतो आणि त्यात डाकूची अख्खी जीप असते. खाली कोपऱ्यात चाचा, काठी टेकून, साबूच्या गुडघ्याएवढे. दोघांच्या मापातला हा फरक म्हणजेच सगळी गोष्ट आहे. ताकद एवढी मोठी आणि तिला वळवणारी अक्कल एवढीशी. टीव्हीवर चाचा साबूच्या छातीला लागायला लागले की तो फरकच मिटतो. मग उरतो एक म्हातारा आणि त्याचा पहिलवान भाडेकरू.

ज्वालामुखीचंही तेच. साबूला राग आला की गुरू ग्रहावर कुठे तरी ज्वालामुखी फुटतो, हे ज्याने लहानपणी वाचलंय त्याला ती चौकट आठवेल. मारामारी चालली असताना मध्येच एक छोटं चित्र: डोंगर, धूर, लाल उसळी. त्याचा समोरच्या मारामारीशी काही संबंध नाही. कुणी त्याबद्दल बोलत नाही. गोष्ट पुढे जाते. एवढ्या निर्विकारपणे एक अख्खा ग्रह पेटवून देणं हे फक्त कागदावरच होऊ शकतं, कारण कागदावर चोराच्या नाकावरचा ठोसा आणि ग्रहाचा स्फोट दोन्हींना सारखीच जागा आणि सारखीच शाई लागते. पडद्यावर ज्वालामुखी आणला की तो 'दाखवावा' लागतो. खर्च येतो, आवाज येतो, आणि पाहणाऱ्याला कळतं की आता काही तरी विशेष चाललंय. निर्विकारपणा तिथेच संपला.

संगणकाचं तर वेगळंच हसू. चाचांचा मेंदू संगणकापेक्षा वेगाने चालतो हे आम्ही पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीत संगणक पाहिलेला एकही माणूस नव्हता. संगणक म्हणजे भिंतभर दिवे लुकलुकणारं काही तरी, बहुधा अमेरिकेत, बहुधा सरकारी. त्यापेक्षा वेगवान म्हणजे केवढं! मालिका आली तोवर महाराज बाड्याच्या चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायबर कॅफे उघडले होते आणि तिथे एक ई-मेल उघडायला चहा पिऊन येण्याइतका वेळ लागायचा. यापेक्षा तर आमच्या नळावरचा पाणीवालाही वेगवान होता. तेच वाक्य, तोच अभिमान, पण ते ऐकून माझा भाचा म्हणाला, "मावशी, हँग होतो तो?"

डाकूंची गोष्ट मात्र मला गंभीरपणे सांगायची आहे. चाचांच्या गोष्टींत गोबरसिंग, धमाकासिंग असले डाकू सारखे येतात. दिल्ली-मुंबईच्या मुलांना ते विनोदी वाटत असणार. आमच्याकडे भिंड-मुरैना तासा-दोन तासांवर. घरातले पुरुष बाहेरगावी निघाले की आजी एकच विचारायची, उजेड असेतो पोचाल ना. वर्तमानपत्रांत ते डाकू असायचे, गावाकडच्या लोकांच्या बोलण्यात बागी, म्हणजे बंडखोर. डाकू मानसिंहाला पोलिसांनी मारलं 1955मध्ये. तेव्हा ग्वाल्हेरात वाढणारे प्राण सोळा-सतरा वर्षांचे असतील. चाचा जन्मले 1971ला, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये जयप्रकाश नारायणांच्या पुढे मुरैन्याकडच्या जौऱ्याला बागींनी हत्यारं ठेवली. हे सगळं डोक्यात ठेवून गोबरसिंगाची एखादी गोष्ट वाचा. ज्याच्या नावाने गावं दिवेलागणीला दारं लावून घेत, त्याचं नाव गोबर ठेवायचं आणि त्याला एका म्हाताऱ्याच्या काठीने लोळवायचं, याला मी पोरखेळ म्हणणार नाही. माझी आपली समजूत आहे की चंबळच्या कडेला वाढलेल्या माणसाने भीतीचा काढलेला तो हिशेब आहे. म्हणून मला कुठल्याही स्टुडिओतला काळा टिळा लावलेला डाकू पुरत नाही. गोबरसिंग हसण्यासारखा व्हायचा असेल तर आधी तो भिण्यासारखा असावा लागतो. कागदावर ती भीती आम्ही घरून आणत होतो. ती मालिकेने स्वतः तयार करायला हवी होती आणि तेवढी फुरसत तिला नव्हती.

राका तर या सगळ्यांचा बाप. वैद्य चक्रमाचार्याचं औषध पिऊन अमर झालेला डाकू. त्याला मारता येत नाही, फक्त कुठे तरी अडकवून ठेवता येतं आणि तो पुन्हा सुटून येतो. आमचा दुकानदार राकाचं डायजेस्ट एका दिवसापेक्षा जास्त कुणालाच द्यायचा नाही, एवढी त्याला मागणी.

आता एक कबूल करायला हवं, की मालिका त्या वेळी मला आवडली होती. म्हणजे वर एवढं सगळं म्हटलं, तरी तिची वेळ झाली की मी हातातलं काम टाकून बसायची. कारण शोधायला फार लांब जायला नको. ते दिवस भारनियमनाचे होते. नोव्हेंबर 2000मध्ये छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली आणि आमच्या वाट्याला अंधार आला. 2003ची निवडणूक उगाच नाही बिजली-सडक-पानीवर गाजली. त्यामुळे चाचा चौधरींचा भाग पूर्ण असा क्वचितच पाहायला मिळायचा. चोर खिडकीतून उतरला, चाचांनी मान तिरकी केली आणि बत्ती गुल. मुलं ओरडायची. मी मेणबत्ती शोधता शोधता विचारायची, "सांगा बरं, चाचांनी काय पाहिलं असेल?" आणि मग अंधारात वाद सुरू. कुणी म्हणे बूट, कुणी म्हणे घड्याळ. वीज आली की तोवर दुसरीच मालिका लागलेली असायची, त्यामुळे खरं उत्तर कुणालाच कळायचं नाही. दुकानदाराच्या सुतळीचं काम आता विजेने पत्करलं होतं.

पुढे लॉकडाऊनमध्ये मालिकेचे काही भाग यूट्यूबवर सापडले. मी मोठ्या उत्साहाने मुलीला घेऊन बसले. तिने पहिल्यांदा ओळखले ते रघुवीर यादव. "आई, हे तर 'पंचायत'मधले प्रधानजी!" त्या दिवसांत सगळे 'पंचायत' ही वेब मालिकाच पाहत होते. आम्ही एक भाग अखंड पाहिला, वीज न जाता. सगळं स्पष्ट झालं. चाचांना काय दिसलं, कसं दिसलं, का दिसलं. मुलगी म्हणाली, बरं आहे. मला मात्र ते लांबलचक वाटलं. यादव तिथेही तसेच सुंदर थांबत होते, पण त्यांच्या थांबण्यावर लगेच संगीत येऊन पडत होतं.

मालिकेनंतर ॲनिमेशनही आलं. तिथे साबूच्या उंचीचा प्रश्न मिटला, कारण चित्राला छप्पर नसतं. मी थोडंसं पाहिलं. सगळं सारखं पळतंय, उडतंय, चमकतंय. प्राणांची माणसं उभी असतात. नुसती उभी, हात बाजूला, पाठीमागे सपाट रंगाची भिंत. 2014मध्ये प्राण गेले आणि दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली, तेव्हा पेपरांत त्यांच्या जुन्या चौकटी छापून आल्या होत्या. किती कमी रेषा! दार काढायला चार, खिडकीला दोन, साबूच्या टकलाला एकच. मला वाटतं एवढ्या कमी रेषांत राहायची सवय झालेल्या माणसांना नव्या घरात करमत नाही.

तरीही एका बाबतीत मी मालिकेच्या बाजूने भांडेन, आणि ती बाब म्हणजे बिन्नी चाची. कॉमिक्समध्ये ती पहिल्या चौकटीत पिशवी हातात देऊन बाजारात पाठवते आणि शेवटच्या चौकटीत भाजी कुठे म्हणून विचारते. मधल्या काळात चाचा बँक वाचवून आलेले असतात. माझी आजी या गोष्टीवर हटकून अडायची. "आणि ती काय करत होती मग तोवर?" मी म्हणायची, आजी, ते दिलेलं नाही. "दिलेलं नाही म्हणजे? साबू जेवायला आहे ना घरात?" शंभरावर पोळ्या, बारा किलो शिरा आणि घागरीने लस्सी लागणारा माणूस जिच्या चुलीवर जगतो, जिच्या हातच्या पराठ्यांपायी तो आपला ग्रह सोडून इथे राहिला, तिच्यासाठी प्राणांनी दोन चौकटी ठेवल्या. ही कोरी जागा आजीला कधीच भरता आली नाही, किंवा तिला ती भरायचीच नव्हती. तिला ती लिहिलेली हवी होती.

मालिकेला अर्धा तास भरायचा होता, म्हणून का होईना, तिला घरात शिरावं लागलं आणि चाचीला बोलायला मिळालं. ती चिडते, ती चाचांची चेष्टा करते, साबूला रागावते आणि वर पुन्हा वाढते. चाचांची अक्कल सगळ्या शहराला पुरते आणि घरात त्या अकलेचं काही चालत नाही, हे कॉमिक्समध्ये एका लाटण्यावर भागायचं. इथे ते नीट पाहायला मिळालं. त्या प्रसंगांत यादवही सर्वांत मोकळे वाटतात. चोरासमोर न हलणारी मान चाचीसमोर बरोबर खाली जाते.

आजी मालिकेच्या कितीतरी आधी गेली. असती तर साबूची उंची खरी की खोटी याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. चाचीचं स्वयंपाकघर दिसलं रे दिसलं की ती टीव्हीच्या काचेला नाक लावून पाहिली असती, की एवढ्याशा परातीत कणीक मळून हे लोक कुणाला बनवताहेत.